कुकर घरी आणा, विजयी व्हा

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी कोणत्याही पॅनलचा माणूस नाही. फ्लेक्सवरचा फेटा बांधलेला, हात जोडलेला, किंचित हसणारा माझा फोटो मेहुणीच्या लग्नातला आहे आणि त्यात मी मतदारांना नव्हे, वऱ्हाडाला 'जेवल्याशिवाय जाऊ नका' म्हणतो आहे. गावात हे कुणी मानत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत अठरा वर्षं खडू झिजवून माणसाच्या शब्दाला जी काही पत येते, ती माझी एका दिवसात गेली. म्हणून सगळं क्रमवार सांगतो.

'तीन चुली, एक धूर' ही विनोदी मालिका रोज संध्याकाळी साडेसातला लागायची. एका घरात एक सासू, एक सासरा, दोन मुलं आणि दोन सुना, बाकी सगळी भांडणं. माझी आई ताराबाई आणि शेजारच्या सत्यभामाकाकू यांनी चार वर्षं ही मालिका आमच्या दिवाणावर शेजारी शेजारी बसून पाहिली. विनोद पूर्ण व्हायच्या आधीच दोघी हसायच्या, कारण पुढं काय होणार हे त्या एकमेकींना आधीच सांगून मोकळ्या झालेल्या असायच्या. सात वाजले की काकूंची चप्पल आमच्या दारात वाजायची आणि त्या आवाजावर आई चहा टाकायची.

शेवटच्या भागात धाकटी सून वेगळी निघते. दारात येते तेव्हा तिच्या हातात कुकर असतो आणि कुकरचं झाकण सासूच्या हातात. दोघी एकमेकींकडे बघतात, कुणीच काही बोलत नाही, आणि पडद्यावर 'आभार' येतं. संपलं! कुकर कुणाचा, हे कुणी ठरवलंच नाही. चॅनेलवाल्यांना वाटलं असेल की हा मोठा कलात्मक शेवट आहे. त्यांना आमचा दिवाण माहीत नव्हता.

"कुकर सासूचा," आई म्हणाली. "इतकी वर्षं त्यात डाळ कोण शिजवीत होतं?"

"सुनंचा हाय," काकू म्हणाल्या. "म्हायेरून आणलेला हाय. पयल्याच भागात दावलंय."

"आणला म्हंजी तिचा झाला व्हय?"

"मंग काय तुमचा झाला?"

काकूंची सून पुण्याला राहते, त्यामुळे सुनेची बाजू घेताना त्यांचं काहीच जाणार नव्हतं. आईची सून, म्हणजे माझी बायको शिवकन्या, समोरच मेथी निवडत बसली होती. आईनं तिच्याकडे पाहिलं. शिवकन्या नुसतं "हं" म्हणाली. कोणाच्या बाजूनं, ते कळायला मार्ग नव्हता, पण दोघींनी ते काकूंच्या बाजूचं धरलं. मी अत्यंत निःपक्षपातीपणे चार्जर शोधायला आत निघून गेलो. बाहेर आलो तेव्हा काकूंचा चहा तसाच होता आणि काकू गेल्या होत्या.

त्यानंतर त्या आल्याच नाहीत. आई साडेसातला टीव्ही लावायची, तिथं नवीनच कुणीतरी रडत असायचं, ती बंद करायची. भाकरी अर्धी ठेवून उठायची. "भूक न्हाई," एवढंच. वडील गेल्यावरसुद्धा इतकी गप्प मी तिला पाहिली नव्हती. मला खरंच भीती वाटायला लागली.

मी मध्यस्थी केली नाही असं नाही. काकूंकडे गेलो होतो. त्या म्हणाल्या, "ताराबाईनं बोलीवलं तर यीन." आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तिला यायला कुणी अडविलंय?" दोन्ही उत्तरं कागदावर पाहिली तर होकारार्थीच आहेत. पण आमच्या दोन घरांमधल्या दहा पावलांत ती कुठंतरी विरून जात होती.

त्याच महिन्यात पुण्याला भाच्याकडे जाणं झालं. तिथं पाचसहा जण जमिनीवर एक पुठ्ठा पसरून फासे टाकत होते आणि खदखदून हसत होते. चौकशी केली तर कळलं, एका जुन्या इंग्रजी विनोदी मालिकेवरचा तो खेळ आहे. मालिका संपून कित्येक वर्षं झाली, पण पात्रं सगळी पुठ्ठ्यावर जिवंत. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मालिका संपते, पण खेळ संपत नाही! आपण 'तीन चुली'चा खेळ केला तर दोघी पुन्हा समोरासमोर बसतील. फासे टाकायला काही बोलावंच लागतं असं नाही, आणि न बोलता खेळता खेळता माणूस कधी बोलायला लागतो ते त्यालाही कळत नाही.

"त्यापरीस दोघींना नुसतं जेवायला बोलवा की," शिवकन्या म्हणाली.

साधा उपाय सुचवणाऱ्या माणसाचा मला नेहमीच राग येतो. मी वहीत चौसष्ट घरं आखायला घेतली.

आता आमच्या गल्लीत माणूस वहीत काही आखतो आहे आणि आश्रुबा बघायला येत नाहीत, असं होत नाही. आश्रुबा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांनी आल्याआल्या विचारलं, "सर, ह्याच्यात दंड कुठंय?"

"दंड कशाला? घरगुती खेळ आहे."

"दंड असल्याबिगर पब्लिक ऐकत न्हाई. तीस वर्षं बघितलंय."

म्हणून दंड आला. मालिकेतल्या सासऱ्याकडे एक छत्री असते, ती दर दोनतीन भागांनी वाऱ्यानं उलटते. तर त्रेचाळिसाव्या घरात लिहिलं, 'छत्री उलटली, चार घरं मागं.' आश्रुबांच्या आग्रहानं अठ्ठावनाव्या घरातही तेच लिहिलं. चौसष्टाव्या घरात कुकर. तिथं जो आधी पोहोचेल, कुकर त्याचा. फाशाच्या दानावर निकाल लागला की भांडायला जागा राहत नाही, असा माझा हिशोब होता. डोक्यावर मथळा दिला, 'कुकर घरी आणा, विजयी व्हा!' तो मथळा मीच लिहिला. त्याबद्दल मी आजही कुणाला दोष देत नाही.

छपाईला तेलगावला सोमनाथकडे गेलो. सोमनाथचं फ्लेक्सचं दुकान. आमच्या पंचक्रोशीतली बारशी, वाढदिवस, निवडी आणि श्रद्धांजल्या सगळ्या त्याच्याकडून जातात. ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागलेल्या, त्यामुळे त्याला मान वर करायला वेळ नव्हता. मी म्हणालो, "तीन बाय तीन पाहिजे."

"तीन बाय तीन म्हंजी रुमाल झाला की, सर," तो स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला. "दहा बाय दहाच्या खाली फ्लेक्स दिसत न्हाई."

"अरे, दिसायचं नाही, खेळायचंय."

"बरं बरं. ठिवून जावा."

इथं माझी चूक झाली. मी वही ठेवून आलो. फ्लेक्सवाल्याकडे कागद ठेवून येणं म्हणजे न्हाव्यापुढं मान देऊन झोपी जाण्यासारखं आहे.

चार दिवसांनी सकाळी शाळेत जायच्या घाईत फ्लेक्स आला, आणि तो दहा बाय दहाच होता. अंगणात उलगडला तर शिवकन्या तुळशीच्या पलीकडे सरकली. मधोमध माझी चौसष्ट घरं होती, काही वाद नाही. पण वरच्या कोपऱ्यात फेटा बांधलेला मी! सोमनाथनं माझ्या व्हॉट्सॲपवरचा फोटो काढून लावला होता. खाली, 'आपला माणूस, हक्काचा माणूस.' त्याखाली 'आपला नम्र, हनुमान सर.' फोन लावला तर तो शांतपणे म्हणाला, "वर जागा लई मोकळी दिसत होती, सर. फोटो न्हाई टाकला तर लोक म्हनत्यात सोमनाथला काम येत न्हाई."

मी चिडलो, पण खरं सांगतो, फोटो चांगला आला होता. नवा फ्लेक्स गुंडाळीतून सुटला की सरळ राहत नाही, म्हणून शिवकन्या म्हणाली, जरा वेळ भिंतीला लटकवा. रस्त्याकडच्या भिंतीला खिळे होतेच. लटकवला आणि शाळेत गेलो. संध्याकाळी उतरवून आई आणि काकूंपुढं अंथरायचा बेत होता.

दुपारी तालुक्याला चिन्हांचं वाटप झालं. आमच्या गावात दोन पॅनल. एका पॅनलला चिन्ह मिळालं कुकर. दुसऱ्याला छत्री.

मी पाढे घेत होतो. गावात काय चाललंय, मला काहीच कल्पना नव्हती. शाळा सुटून घरी आलो तर भिंतीसमोर गर्दी. छत्री पॅनलचे सुग्रीव अण्णा कमरेवर हात ठेवून त्रेचाळिसावं घर मोठ्यानं वाचत होते.

"छत्री उलटली, चार घरं मागं," ते म्हणाले. "सर, तुमी शिकलेले मानसं. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"अण्णा, हा खेळ आहे."

"खेळच चालविलाय तुमी. आन् अठ्ठावनला पुन्ना उलटली! दोन दोन टायमाला कावून?"

आमच्या दोघांची नावं पाहता आमच्यात असं काही व्हायला नको होतं. मी आश्रुबांकडे पाहिलं. दंडाचे जनक आश्रुबा तेवढ्यात पाणी प्यायला गेले होते. मी अण्णांना मालिका समजावायला घेतली, सासरा, वारा, छत्री, पण ज्यानं मालिका पाहिली नाही त्याला विनोद समजावून सांगणारा माणूस जितका दोषी दिसतो तितका चोरसुद्धा दिसत नाही. त्यात कुकर पॅनलची मंडळी गुलाल नाही पण नारळ घेऊन आली आणि त्यांनी भर गर्दीत माझा सत्कार केला. "सर उघड बोलत न्हाईत," त्यांच्यातला एक जण म्हणाला, "पन मनानं आपल्यात हायत." अण्णांच्या तक्रारीनं जेवढं नुकसान झालं नव्हतं तेवढं त्या नारळानं केलं.

पाच वाजता भरारी पथकाची गाडी आली. पंचनाम्यात लिहिलं गेलं: फ्लेक्स एक नग, त्यावर कुकरचे चित्र, फासा एक नग, सोंगट्या चार नग, पैकी एक वाटी, एक डबीचे झाकण. पथकप्रमुखांनी फ्लेक्सचा खालचा कोपरा दाखवला. तिथं सोमनाथनं निवडणुकीच्या दिवसांतल्या सवयीनं बारीक अक्षरात छापलं होतं, 'मुद्रक सोमनाथ, प्रकाशक हनुमान सर, प्रती एक.'

"घरच्या खेळावर कुणी प्रकाशक लिहितं का?" त्यांनी विचारलं.

सगळं गोळा करून गाडी गेली. आई दारात उभी राहून बघत होती. पलीकडच्या दारात काकू उभ्या होत्या. इतकं होऊनही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली. शासकीय सेवेत असून प्रचार केला, तर तुमच्यावर कारवाई का करू नये? मी रात्रीचं जेवण सोडून खुलासा लिहिला. त्यातलं एक वाक्य अजूनही माझ्या मते उत्तम आहे: 'सदर कुकर हा राजकीय नसून कौटुंबिक आहे.' शिवकन्येनं वाचलं आणि ती आत जाऊन हसली. मला भिंतीतून ऐकू आलं.

आचारसंहितेचं काम पाहणाऱ्या सुनिता मॅडम, नायब तहसीलदार, त्यांनी खुलासा दोनदा वाचला. म्हणाल्या, "खेळ आहे म्हणता, तर खेळणार कोण होतं?"

"माझी आई आणि शेजारच्या काकू."

"मग मंगळवारी दोघींना घेऊन या. जबाब घ्यावे लागतील."

अशा रीतीनं, मला चार महिने जे जमलं नसतं ते शासनानं एका ओळीत केलं. दोघी एका एसटीत बसल्या. एसटीत बसल्या म्हणजे काकू ड्रायव्हरच्या मागं आणि आई शेवटच्या बाकावर. मी मध्ये उभा होतो आणि दोन्हीकडून फक्त मलाच बोलणी बसत होती.

कार्यालयात मॅडमनी आधी आईला विचारलं, "ह्यांना ओळखता?"

"शेजारीण हाय," आई म्हणाली.

काकूंना विचारलं. "होतो शेजारी," काकू म्हणाल्या.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हा खेळ आहे हे पटेल असं काहीतरी दाखवा. खेळून दाखवा."

आता अडचण अशी की फासा आणि सोंगट्या मुद्देमाल म्हणून सीलबंद होत्या आणि सील तोडायला वेगळी परवानगी लागते. फ्लेक्स मात्र कुठल्याच पोत्यात न मावल्यानं मोकळा होता. तो व्हरांड्यात अंथरला गेला. एका कारकुनानं एक ते सहा आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या. आणि सोंगट्या नाहीत म्हणून आई आणि काकू स्वतःच घरांत उभ्या राहिल्या, चपला बाहेर काढून. चिठ्ठी निघायची, कारकून आकडा पुकारायचा आणि सत्तरीच्या दोन बायका पदर खोचून माझ्या अंगावरून, म्हणजे माझ्या फोटोच्या शेजारून, पावलं मोजत पुढं सरकायच्या. दाखल्यांसाठी आलेली माणसं रांग सोडून बघायला आली.

आई त्रेचाळिसाव्या घरात आली.

"छत्री उलटली," कारकून म्हणाला. "चार घरं मागं."

"मी न्हाई मागं जात."

आणि आई नाही म्हणाली की नाही.

"नियम हाय, ताराबाई," काकू समोरच्या घरातून म्हणाल्या. "जावा मागं."

"गुडघा दुखतोय माजा."

"मंग मला धरा आन् जावा."

महिनाभरातलं हे पहिलं बोलणं. आईनं काकूंचा खांदा धरला आणि चार घरं मागं गेली. मला तिथंच भरून आलं, पण मी आरोपी असल्यानं चेहरा गंभीर ठेवला.

तासाभरात दोघी त्रेसष्टाव्या घरात पोहोचल्या, एकाच घरात दोघी, पडू नये म्हणून एकमेकींना धरून. कुकर एका घरावर. आता नेमका एकच पडायला पाहिजे, आणि एक काही निघेना. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

"कुकर खरं तर कुणाचा होता हो?" मॅडमनी डबा उघडता उघडता विचारलं. त्यांनीही शेवटचा भाग पाहिला होता! आई म्हणाली सासूचा, काकू म्हणाल्या सुनेचा, शिपाई म्हणाला नवऱ्यानं नवा घ्यायला पाहिजे होता, आणि लेखा विभागात उभी फूट पडली. दुपारनंतर मॅडमना बैठक होती. त्यांनी टिपणी लिहिली: 'प्रात्यक्षिक अपूर्ण. पुढील तारीख मंगळवार.'

पुढच्या मंगळवारी दोघी एसटीत एकाच सीटवर बसल्या. कुकरवरून भांडणं चालूच होती, पण आता ती भांडणं दोघींची होती, शेजारी बसून घातलेली. येताना काकूंनी धपाटे आणले, आईनं ठेचा. कामकाज झाल्यावर स्टँडजवळ उसाचा रस, मग काकूंना बांगड्या बघायच्या होत्या, मग आईला उगाचच एका दुकानात साडी उलगडून बघायची होती. कुकरचा एक त्याही दिवशी निघाला नाही. घरी आल्यावर दोघींनी दिवाणावर बसून त्या दिवसाची पुन्हा पहिल्यापासून उजळणी केली. कारकुनाची नक्कल आईनं अशी केली की शिवकन्येच्या हातातली परात पडली.

मध्यंतरी मतदान झालं, निकाल लागला. छत्री पॅनल निवडून आलं. सुग्रीव अण्णा स्वतः घरी आले, म्हणाले, "सर, झालं गेलं जाऊ द्या. उलटी छत्री आमाला लाभली." त्यांनी तक्रार मागं घेतल्याचा अर्जही दिला.

तिसऱ्या मंगळवारी मी मान ताठ करून कार्यालयात शिरलो. मॅडमनी फाइल पुढं सरकवली.

"सर, तक्रार राहिली नाही. तुमच्याविरुद्ध काही निष्पन्न झालेलं नाही असा शेरा मी मारते. इथं सही करा, मुद्देमाल घ्या आणि मोकळे व्हा. शाळेलाही तसं पत्र जाईल."

तीन आठवडे मी ह्याच वाक्याची वाट पाहत होतो. शाळेतले सहकारी मला 'कुकर' म्हणायला लागले होते, वरच्या वर्गातली पोरं मी आलो की शिट्टी मारायची. आता पत्र येणार, मुख्याध्यापक ते सर्वांदेखत वाचणार, आणि मी काहीच झालं नाही अशा थाटात खडू उचलणार. मी पेन काढलं.

दार उघडं होतं. बाहेर बाकावर दोघी बसल्या होत्या. काकू आईला सांगत होत्या, "फुडच्या मंगळवारी जरा लवकर निघू. रसवंतीवाला म्हनला, आलं टाकून रस करून ठिवतो." आई म्हणाली, "लवकर म्हंजी किती? मला केस धुवायचे असत्यात मंगळवारी." आणि दोघी कितीला निघायचं ह्यावर भांडायला लागल्या.

मंगळवार सोडला तर दहा पावलांवर राहून ह्या दोघी अजूनही एकमेकींकडे येत नव्हत्या. बोलवायचं कुणी, हा प्रश्न अजूनही तसाच होता. तारखेला मात्र कुणी कुणाला बोलवावं लागत नाही. सरकार बोलावतं, दोघींनाही सारख्याच मानानं, नाव घालून. मी सही केली की पुढच्या मंगळवारी नोटीस येणार नव्हती, एसटी नव्हती, रस नव्हता. मग कदाचित चप्पल वाजली असती, कदाचित नसती. ती जोखीम घ्यायची माझ्यात हिंमत नव्हती.

मी पेनाचं टोपण लावलं.

"मॅडम, मला वाटतं, इतकी घाई करू नये. प्रात्यक्षिक अजून अपूर्ण आहे."

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे? तुम्हाला आरोप मान्य आहे?"

"मान्य नाही," मी म्हणालो. "पण नाकारायला मला थोडा वेळ लागेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दारातून बाकाकडे पाहिलं. बाहेर साडेनऊ का दहा ह्यावर आवाज चढला होता. मॅडमनी फाइल परत ओढून घेतली आणि नवीन पान काढलं.

"मंगळवारच ना?" त्यांनी विचारलं.

"मंगळवारच," मी म्हणालो.